उलटसुलट फिरणारी मोटर

सुतारकामाची हौस असलेल्या गृहस्थाने अर्ध्या अश्वशक्तीची एखादी जुनी मोटर पैदा करावी, तिच्या शाफ्टवर 10 इंच व्यासाची तबकडी बसवावी, तबकडीवर काचकागद चिकटवावा आणि समोर एक भक्कम टेबल जोडावे, म्हणजे घरच्या कारखान्याला पुरेल असा उत्तम सँडर सिद्ध होतो. परंतु ही मोटर इच्छेनुसार दोन्ही दिशांना फिरवता येईल अशी तजवीज आरंभीच करून ठेवली, तर त्याच यंत्राची उपयुक्तता पुष्कळच वाढते. आणि त्यासाठी लागणारे ज्ञान सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

तबकडीसमोर उभे राहून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर तिचा उजवा अर्धा भाग खाली जातो आणि डावा वर येतो. मिनिटाला 1,440 फेरे घेणाऱ्या मोटरवर 10 इंची तबकडीची कड सेकंदाला सुमारे 19 मीटर वेगाने धावते. म्हणून लाकूड नेहमी खाली जाणाऱ्या भागाशीच धरावे लागते, कारण तेथे तबकडी त्याला टेबलावर दाबून ठेवते, तर वर येणारा भाग तेच लाकूड उचलून भिरकावतो आणि भुसा तोंडावर उडवतो. तसबिरीच्या चौकटीच्या पट्ट्यांची टोके 45 अंशांत घासताना ही मर्यादा विशेष जाणवते. पट्टीची नक्षीदार बाजू वर ठेवायची असल्याने एक टोक उजवीकडे घासता येते, पण त्याच्या जोडीचे टोक सुखाने घासण्यास डावी बाजू लागते. दिशा पालटता आली की ही अडचण दूर होते.

प्लगच्या पिना उलट लावल्या तर मोटर उलट फिरेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची, एक फेजची आणि सेकंदाला 50 आवर्तने करणारी असते, आणि अशा प्रवाहाने एकाच वायंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, ते जागच्या जागी केवळ पालटत राहते. स्थिर रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, त्याचा जोर दोन्ही दिशांना सारखाच पडत असल्याने मोटर नुसती गुणगुणते. इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये एकमेकांच्या मागेपुढे असणाऱ्या दोन प्रवाहांपासून फिरते क्षेत्र निर्माण करून दाखवले, आणि निकोला टेस्ला यांनी 1888 मध्ये या तत्त्वावरील मोटरींची अमेरिकन पेटंटे मिळवली. तेच तत्त्व आपल्या मोटरमध्ये निराळ्या उपायाने साधलेले असते: रनिंग वायंडिंगच्या जोडीला एक स्टार्टिंग वायंडिंग दिलेले असते, आणि त्याच्या मार्गातील कॅपॅसिटरमुळे त्यातील प्रवाह रनिंगमधील प्रवाहाच्या पुढे धावतो. मोटरने सुमारे तीनचतुर्थांश वेग गाठला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच स्टार्टिंग वायंडिंगला मंडलातून बाजूला काढतो. तात्पर्य, दिशेचा निवाडा सुरुवातीच्या त्या क्षणभरात, दोन वायंडिंगांच्या परस्परसंबंधाने होतो. त्यांपैकी एकाचीच टोके पालटली तर दिशा बदलते. दोन्हींची एकदम पालटली, जसे प्लग उलटा लावल्याने घडते, तर काहीच बदलत नाही.

प्रत्यक्ष जोडणीपूर्वी प्लग काढून ठेवावा, कॅपॅसिटरच्या दोन टोकांना बल्ब जोडून त्यातील साठलेली वीज उतरवावी आणि मगच टर्मिनल पेटी उघडावी. मीटरने पाहिल्यास ज्या जोडीचा रोध कमी ती रनिंगची आणि ज्या जोडीचा अधिक ती स्टार्टिंगची, अशी ओळख बहुधा पटते. स्टार्टिंगचे एक टोक आतच रनिंगला जोडलेले असेल, तर ते बाहेर काढून घेण्याचे काम अनुभवी वायंडरकडेच सोपवावे. रनिंगची दोन टोके मुख्य स्विचनंतर सरळ फेज व न्यूट्रलला जोडावीत. स्टार्टिंग वायंडिंग, कॅपॅसिटर आणि सेंट्रिफ्युगल स्विच या एकापुढे एक जोडलेल्या मालिकेची दोन टोके सहा टर्मिनलांच्या दुहेरी चेंजओव्हर स्विचच्या मधल्या दोन टर्मिनलांना न्यावीत. मुख्य स्विचमधून येणारे फेज व न्यूट्रल वरच्या दोन टर्मिनलांना द्यावेत आणि तेथून दोन तारा फुली मारून खालच्या दोन टर्मिनलांना न्याव्यात. खटका एकीकडे केला की एक दिशा, दुसरीकडे केला की दुसरी. हा स्विच मध्ये बंद राहणारा असेल आणि तो त्या जागी असताना मुख्य स्विच चालू झाला, तर एकट्या रनिंग वायंडिंगवर मोटर गुणगुणत तापते. म्हणून दिशा आधी निश्चित करावी, वीज मागाहून द्यावी.

दिशा पालटण्यापूर्वी मोटर पूर्ण थांबू द्यावी, ही ताकीद कधीही विसरू नये. पूर्ण वेगात असताना खटका फिरवला, तर स्टार्टिंग वायंडिंग आधीच बाजूला झालेले असल्याने मोटर त्याच दिशेने फिरत राहते, आणि ती आता उलट फिरत आहे असे समजून लाकूड पुढे करणारा फसतो. नुसत्या आट्यांवर घट्ट बसणारी तबकडी उलट दिशेत सैल होऊन निसटते. म्हणून ती चावी आणि ग्रब स्क्रूने शाफ्टवर पक्की करावी. भारनियमनानंतर वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होऊ नये, यासाठी वीज गेल्यावर स्वतः सुटणारा स्टार्टर बसवावा. मोटर पूर्ण बंद कवचाची निवडावी, कारण सेंट्रिफ्युगल स्विचच्या संपर्कांत भुसा अडकला की मोटर सुरू होण्याचे नाकारते. मोटर, टेबल आणि स्विचची पेटी या तिन्हींना अर्थिंग द्यावे, आणि तोंडाला मुखपट्टी बांधूनच कामास बसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे.

या सर्व तजविजीस खर्च थोडाच येतो. खरी गरज आहे ती तारेला हात लावण्यापूर्वी ती कोठून निघते आणि कोठे जाते, हे समजून घेण्याची. वाचकांनी हा आराखडा प्रथम कागदावर काढावा, जाणत्या वायरमनकडून तो तपासून घ्यावा, आणि त्यानंतरच पक्कड हाती धरावी, एवढीच विनंती.