आई, बाळ आणि आपली नजर

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर अनेक माता तान्ही बाळे घेऊन येतात. बाळ भुकेने रडू लागले, की आईला आधी आडोसा शोधावा लागतो. शेताच्या बांधावर जे सहज घडते, त्याची गर्दीत लाज का वाटावी?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले. १९६१ च्या कायद्याने नोकरदार मातेला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोनदा पाजण्याची सवड दिली. पहिले ६ महिने आईचे दूध हाच बाळाचा संपूर्ण आहार असतो. कायद्याने वेळ दिला. नजर आपणच बदलायची आहे. विहारात पाजणाऱ्या मातेला उठवू नये, जागा द्यावी, असे आम्हांस वाटते.