पौडच्या कचेरीतला ‘ज’

मौजे पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. खरेदीखतात गावाचा पत्ता असाच लिहितात. त्यातले मौजे, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द मूळचे अरबी, फारशीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. तालुक्याच्या मुळाशी लटकणे, जोडलेले असणे हा अर्थ आहे; ‘मुंबई इलाखा’तला इलाखा त्याच धातूचा. जिल्ह्याचे कूळ मात्र फार दूरवर जाते.

अरबीत ‘दिल्अ’ म्हणजे बरगडी. बरगडीवरून अर्थ सरकला बाजूकडे. त्रिकोणाच्या बाजूलाही अरब हाच शब्द वापरतात. पुढे हिंदुस्थानातल्या फारशी कारभारात मुलखाचा एक भाग असा अर्थ रुळला.

बरगडीला हिब्रूत ‘त्सेला’ म्हणतात, अरमाईकमध्ये ‘इलआ’. हे एकाच घरचे शब्द कसे? भूमीसाठीचे शब्द पाहा: अरबी ‘अर्द’, हिब्रू ‘एरेत्स’, अरमाईक ‘अरआ’. फरक तोच, त्याच जागी. असा फरक शब्दामागून शब्दात नेमाने आढळला, की योगायोग बाद होतो आणि भाषांचे नाते सिद्ध होते. भाषाशास्त्राला विज्ञान म्हणायचे ते या शिस्तीसाठी.

बदलणाऱ्या या अरबी ध्वनीचे नाव ‘दाद’. आठव्या शतकातल्या सीबवैह या थोर व्याकरणकाराने नोंदवले आहे, की तो जिभेच्या कडेने, दाढांलगत उच्चारतात. म्हणजे त्यात ‘ल’ची छटा होती. त्याची खूण स्पेनमध्ये सापडते: अरबी ‘अल-कादी’, म्हणजे न्यायाधीश, तिथे ‘अल्काल्दे’ होऊन नगराध्यक्ष झाला. आज कैरो-दमास्कसला ‘दाद’चा जड ‘द’ ऐकू येतो. इराकात आणि आखातात तोच ध्वनी जीभ दातांमध्ये आणून काढतात. फारशीत त्याचा ‘झ’ झाला. म्हणून अरबांचा रमदान आपल्याकडे रमजान.

काजी, हजर, अर्ज, जामीन, मौजे, जिल्हा: पौडच्या तहसील कचेरीत सहज कानावर पडतील अशा या शब्दांतला ‘ज’ मुळात ‘दाद’च. मराठीने त्याला आपले वळण लावले. ‘हजर’, ‘अर्ज’मध्ये ‘जरा’तला ज, ‘जिल्हा’, ‘काजी’मध्ये इकारामुळे ‘जीव’मधला. ‘दिल्अ’च्या शेवटी घशातून निघणारा ‘ऐन’ आहे. त्याच्या जागी मराठीत ‘ह’ दिसतो. ‘कलआ’ या शब्दातही ‘ल’नंतर तोच ‘ऐन’ येतो. तिथे मात्र ‘ल’ दुणावला, आणि मुळशीकरांच्या तोंडी घनगड ‘किल्ला’ झाला.