चौदा-पंधराचं भांडण

चौथीच्या सुट्टीत कामशेतला मामाकडे होतो. एकवीरेच्या दर्शनाला गेलो, तेव्हा कार्ल्याच्या पायऱ्यांवरच्या दुकानातून मामीनं आकडे सरकवायचा प्लास्टिकचा खेळ घेऊन दिला. लाल चौकट, त्यात १ ते १५ आकड्यांच्या पांढऱ्या सोंगट्या आणि सोळावं घर मोकळं. चार दिवसांत मला तो सुटायला लागला आणि तेच मामेभावाला, म्हणजे दादाला, बघवलं नाही. दुपारी मी झोपलो असताना त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं १४ आणि १५ उचकटून त्यांची अदलाबदल केली, परत दाबून बसवल्या आणि खेळ विस्कटून जागेवर ठेवून दिला. सुट्टी संपेपर्यंत माझी शेवटची ओळ १३, १५, १४ अशीच येत राहिली. ‘‘डोकं चालव की जरा,’’ दादा शेजारी बसून आंबा चोखत म्हणायचा. ‘‘एवढा आलास, आता एवढंसंच तर राहिलंय!’’

ते एवढंसं अशक्य आहे, हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं. दादाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला फक्त मला रडवायचं होतं.

सिद्धतेला कागदही लागत नाही. सोळा घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी आहेत असं समजा. सोंगटी सरकवली की ती आणि मोकळं घर यांची अदलाबदल होते, म्हणजे एका चालीला एक अदलाबदल. शिवाय प्रत्येक चालीला मोकळं घर काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. ते खालच्या कोपऱ्यातून निघून फिरून तिथंच यायचं, तर चाली सम संख्येनंच व्हायला हव्यात. म्हणजे एकूण अदलाबदलीही सम. नुसते १४ आणि १५ उलटे करायचे तर हवी एकच अदलाबदल, म्हणजे विषम. आणि जी मांडणी सम अदलाबदलींनी मिळते ती विषमांनी कधीच मिळत नाही. संपलं. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये जॉन्सन आणि स्टोरी या दोघांनी हे मांडलं. सोंगट्या काढून वाटेल तशा बसवल्या तर निम्म्या मांडण्या सुटतात, उरलेल्या निम्म्या जन्मात सुटत नाहीत. सुटणाऱ्याच १० लाख ४६ हजार कोटींहून जास्त आहेत, त्यामुळे खेळ संपेल ही भीती नको.

तरी लोकांनी डोकी फोडून घेतलीच. कॅनस्टोटा या गावचा पोस्टमास्तर नॉयस चॅपमन यानं काढलेल्या या खेळानं १८८० च्या सुरुवातीला अमेरिकेला वेड लावलं. वुस्टर गावच्या एका दंतवैद्यानं कोडं सोडवणाऱ्याला बक्षीस म्हणून चक्क कवळी देऊ केली होती. पुढं सॅम लॉइड या कोडेकारानं ‘हा खेळ माझाच’ असं दडपून सांगायला सुरुवात केली आणि १४-१५ सरळ करणाऱ्याला हजार डॉलर जाहीर केले. पैसे सुरक्षित आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. आमचा दादा निदान फुकट छळायचा.

आता हाच खेळ मी मोबाइलवर खेळतो, पुणे-लोणावळा लोकलमध्ये. नेकीचा प्रोग्रॅमर आधी सुटलेली मांडणी घेतो आणि तिच्यातूनच उलट्या चाली करत ती विस्कटतो, म्हणजे ती सुटणारच. आळशी असला तर आकडे नुसते उधळून देतो, म्हणजे दादानं केलं तेच. अशा एका फुकटच्या अ‍ॅपवर मी शिवाजीनगर ते मळवली हा प्रवास घालवला आहे. मळवलीला १३, १५, १४ दिसले, ओळख पटली आणि अ‍ॅप उडवून टाकलं.

पण सुटणारा खेळही वैताग देतो, आणि माझ्या मते त्याची खरी मजा त्या वैतागातच दडलेली आहे. नवशिक्या १, २, ३ नीट लावतो आणि ४ नेमका ३ च्या शेजारच्या कोपऱ्याऐवजी कुठंतरी खाली राहतो. कोपऱ्यात दुसरी कुठली तरी सोंगटी अडकलेली. ती काढायची तर ३ हलवावा लागणार, आणि लावलेला ३ हलवायला जीव होत नाही. मग माणूस दहा मिनिटं ४ ला खालच्या खाली फिरवत बसतो. उपाय उफराटा आहे. ३ ला मुद्दाम ४ च्या घरात, म्हणजे कोपऱ्यात न्यायचं. ४ ला त्याच्या बरोबर खाली आणायचं. मोकळं घर ३ च्या जागी. मग ३ डावीकडे, ४ वर, आणि ओळ खटकन बसते. चिंचवडला गर्दीच्या वेळी दारातले लोक आधी खाली फलाटावर उतरतात, उतरणाऱ्यांना वाट देतात आणि मग परत चढतात, तसंच हे. दाराला चिकटून राहणारा सगळ्यांचीच वाट अडवतो. मांडणी कितीही विस्कटलेली असो, जास्तीत जास्त ८० चालींत सुटतेच, हे आता संगणकानं तपासून झालंय. मला किती लागतात ते विचारू नका.

आमच्या मावळात ही युक्ती लोखंडात करून दाखवलेली आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा चढ होता ३७ फुटांना एक फूट, आणि डोंगर असा की गाडीला वळायलाच जागा नाही. मग खंडाळ्याच्या अलीकडे एक आंधळा फाटा काढला. कर्जतकडून चढलेली गाडी त्यात शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी शेपटीकडून पुढं निघायची. गाडीनं आधी आडव्या जागी जाऊन बसायचं, मग वाट सापडायची. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि ही कसरत थांबली. कर्जतला गाडीच्या मागं ढकलायला इंजिनं लावतात ती मात्र अजून आहेत.

सगळेच ठोकळ्यांचे खेळ एवढे क्षमाशील नसतात. हिरोयुकी इमाबायाशी यांच्या ‘सोकोबान’मध्ये, म्हणजे गोदामवाल्याच्या जपानी खेळात, पेट्या फक्त ढकलता येतात, ओढता येत नाहीत. पेटी भलत्या कोपऱ्यात गेली की गेली. आपल्या पंधरा सोंगट्यांत प्रत्येक चाल उलटवता येते, त्यामुळं इथला वैताग चूक झाल्याचा नसतो, लावलेलं मोडायला न धजावण्याचा असतो.

हात मात्र मेंदूपेक्षा धीट असतो. १९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी ‘टेट्रिस’ खेळणाऱ्यांना निरखलं. वरून पडणारा ठोकळा लोक उगाचच फिरवत होते. पण ते उगाच नव्हतं. ठोकळा मनात फिरवून बघायला साधारण एक सेकंद लागतो, बटण दाबून पडद्यावर फिरवला तर एकतृतीयांश सेकंदही लागत नाही. म्हणजे खेळाडू बोटांनी विचार करत होते. आकडे सरकवतानाही हेच होतं: बोट दोन-चार चाली इकडे-तिकडे करतं, आणि वाट आधी डोळ्यांना दिसते, कारण नंतर सुचतं.

हे खेळ डोक्यातून जातही नाहीत. २००० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २७ जणांना टेट्रिस खेळवलं. त्यातल्या पाच जणांची नवी स्मृती साठवण्याची क्षमता गेलेली होती. आदल्या दिवशी खेळल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. तरीही त्या पाचांतल्या तिघांना झोप लागताना पडणारे ठोकळे दिसले.

डोपामिनचं काय, असं कुणी विचारेलच. त्या शब्दाचा आपण पुरता चोथा केलाय, म्हणून थोडक्यात: वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की बक्षीस अनपेक्षित असेल तेव्हा डोपामिनच्या पेशी उसळतात, ठरल्याप्रमाणं मिळालं तर गप्प राहतात. आपोआप गोळ्या फुटणाऱ्या खेळांचं दुकान यावर चालतं. ओळ खटकन बसल्याचा आनंद मला निराळा वाटतो. तो मी स्वतः ३ ला चुकीच्या घरात ढकललेलं असतं त्याचा असतो.

परवा लोकल लोणावळ्याला टेकली तेव्हा माझी पहिली ओळ १, २, ३ वर अडली होती. मोटरमन बॅग उचलून फलाटावरून दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघाला. त्याच्यासमोरून गार्ड आला, हात वर करून काहीतरी बोलला आणि पुढं गेला. शिवाजीनगरपासून शेवटचा असलेला डबा आता पहिला. चिक्कीच्या पिशव्या घेऊन माणसं चढायला लागली. मी खिडकीशी तसाच बसून ३ ला ४ च्या घरात ढकललं.