तुरुंगातील तडजोड

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत रात्री उशिरा गाडीची गर्दी सोसून घरी परतणारा नोकरदार तुरुंगावरची मालिका आवडीने पाहतो, यात नवल नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली, विक्रमादित्य मोटवाने यांची 'ब्लॅक वॉरंट' तिहार कारागृहातील एका तरुण अधिकाऱ्याची कथा सांगते. पण नोकरी राखावी की सचोटी, हा तिचा प्रश्न कोणत्याही कचेरीत परका नाही.

मालिकेला आधार आहे तो सुनील गुप्ता यांनी सुनेत्रा चौधरी यांच्यासह लिहिलेल्या २०१९ च्या पुस्तकाचा. १९८१ साली गुप्ता रुजू होण्यास गेले, तेव्हा जागा नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. अखेर नियुक्तीचे पत्र हाती पडले ते चार्ल्स सोभराज या कैद्याने शब्द टाकल्यामुळे. ज्याच्यावर पहारा करावयाचा, त्याच्याच उपकाराने सेवेचा प्रारंभ व्हावा, यात त्या व्यवस्थेची सारी ओळख पटते.

कैद्याची तडजोड याहून कठोर असते. कर्मचारी अपुरे, म्हणून शिक्षा भोगणाऱ्यांपैकीच काहींना वॉर्डर नेमून इतरांवर देखरेख करावयास लावतात. वरिष्ठांच्या मर्जीत राहावे तर सोबत्यांशी द्रोह, सोबत्यांची बाजू घ्यावी तर मर्जी जाते. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहातील अशाच एका कैदी वॉर्डर स्त्रीने शिध्यात दोन अंडी व पाच पाव कमी असल्याची तक्रार केली. त्यानंतर झालेल्या मारहाणीत तिचा मृत्यू झाला, असा आरोप असून सहा कारागृह कर्मचाऱ्यांना अटक झाली. इतक्या क्षुल्लक हिशेबासाठी जीव जाऊ शकतो, हे पाहिलेल्या बराकीतील इतरांनी मौन पत्करले, तर त्यांना भित्रे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तरीही मौन मोडल्याचे उदाहरण तिहारमध्येच आहे. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा याने दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने पैशांसाठी केलेला छळ सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्राने कळविला. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या डिसेंबर १९७९ च्या निकालाने तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्यास व न्यायाधिकाऱ्यांनी तेथे भेटी देण्यास सांगितले.

बत्राचे धैर्य मोठे खरेच. पण ते फळास आले, कारण भिंतीपलीकडे ते पत्र वाचणारा कोणी होता. प्रत्येक कैद्याकडून असे धैर्य मागण्यापूर्वी, त्याची तक्रारपेटी कोण उघडतो आणि किल्ली कोणाच्या खिशात असते, एवढे तरी समाजाने विचारले पाहिजे.