महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील तंबाखूसेवन, आहार व ताणतणाव : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

धूम्रपान, आहार आणि ताणतणाव यांच्या परस्परसंबंधावर विद्यापीठीय विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवून बरेच संशोधन झाले आहे. त्यातील मोठा भाग पाश्चात्त्य देशांतील असून तेथे तंबाखू म्हणजे प्रामुख्याने सिगारेट होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हाच विषय अभ्यासावयाचा झाल्यास 'आपण धूम्रपान करता काय?' हा पहिलाच प्रश्न अपुरा ठरतो. तळहातावर चुना-तंबाखू मळणारा विद्यार्थी 'नाही' असे उत्तर देईल आणि ते उत्तर खोटेही नसेल.

तंबाखूचे स्थानिक स्वरूप :

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के व्यक्ती तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. देशात धूम्रपानाचे प्रमाण १०.७ टक्के आहे. म्हणजे केवळ धूम्रपान मोजले तर महाराष्ट्र निर्व्यसनी भासेल. स्त्रियांमधील एकूण प्रमाण १७ टक्के आहे. मशेरी ही दंतमंजन समजली जात असल्याने विद्यार्थिनींच्या बाबतीत तिची पृथक नोंद घेणे अगत्याचे आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. परंतु मळून खाण्याच्या तंबाखूसाठी विद्यार्थ्याला टपरीपर्यंत जावेच लागते असे नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या चंचीतूनही मिळते. कायद्याचे अंतर येथे उपयोगाचे नाही.

भूक, निकोटिन व ताण :

निकोटिन भूक मंदावते. शेतात राबणाऱ्या माणसाने दुपारची भाकर लांबली की तंबाखूचा बार भरावा, ही रीत ग्रामीण भागात जुनी आहे. खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने तालुक्याच्या गावी येणारा विद्यार्थी अनेकदा केवळ चहा घेऊन निघतो. दुपारपर्यंतची भूक चहा, तंबाखू किंवा वडापाव यांवर निभावली जाते. परिणामी डाळ, पालेभाजी व फळे ताटातून कमी होतात आणि लोह व जीवनसत्त्वांची उणीव संभवते. खोली करून राहणाऱ्या व पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या तरुणांच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर मानावी लागेल.

तंबाखूने ताण हलका होतो, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. निकोटिनमुळे अॅड्रिनॅलिन स्रवते व हृदयाची गती वाढते. शरीर शांत होत नाही, उत्तेजित होते. रक्तातील निकोटिन साधारणतः दोन तासांत निम्म्यावर येते. त्यानंतर चिडचिड व अस्वस्थता सुरू होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुढचा बार भरला की ही अस्वस्थता थांबते आणि सेवन करणारा त्यालाच ताणमुक्ती समजतो. म्हणजे तंबाखूनेच निर्माण केलेली उणीव तंबाखू भरून काढते.

मापनाचा प्रश्न :

उपाशीपोटीही चिडचिड होते व लक्ष विचलित होते. घरच्या सोयाबीनचा पडलेला भाव, थकलेले शुल्क, स्पर्धा परीक्षेची लांबलेली जाहिरात यांनीही तेच होते. १९८३ मध्ये शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी मांडलेली ताणमापन श्रेणी गेल्या महिनाभरातील जाणिवा विचारते, त्यांची कारणे वेगळी करीत नाही. त्यामुळे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून सहसंबंध गुणांक काढून 'तणावामुळे व्यसन' असा निष्कर्ष मांडणे घाईचे ठरते. कित्येक प्रबंधिकांत तो सर्रास आढळतो, ही खेदाची बाब आहे.

जिल्ह्यातील अभ्यासकाने म्हणूनच मळलेली तंबाखू, खर्रा, गुटखा, मशेरी व विडी यांची नावे प्रश्नावलीत स्वतंत्रपणे द्यावीत. दिवसाचे पहिले सेवन उठल्यावर किती वेळाने होते, हेही विचारावे. अवलंबित्वाची तीव्रता त्यावरून कळते. त्याच्या शेजारीच दुसरा प्रश्न असावा : आज सकाळपासून काय खाल्ले?