छपाईला गेल्यावरची दुरुस्ती

प्रश्नपत्रिका छपाईला गेल्यावर ध्यानात येतं, की चौथ्या प्रश्नात 'सेमी'च्या जागी 'मी' पडलंय. दुरुस्ती हवीच. पण त्याच वेळी कोणी म्हणालं, "सहावा प्रश्नही जरा सोपा करू या," तर परीक्षाप्रमुख नकार देतील. चूक सुधारणं वेगळं आणि मजकूर बदलणं वेगळं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढतानाही हाच फरक सांभाळावा लागतो. तो कसा, ते आपण पाहू.

डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली इयन मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती तयार करतात. तिच्यात हजारो पॅकेजं, म्हणजे एकेका कामाचे संच असतात आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. सगळेच रोज बदलत राहिले, तर तपासायचं काय? म्हणून प्रकाशनाआधी काही महिने बदल टप्प्याटप्प्यानं थांबवतात. याला 'फ्रीझ', म्हणजे गोठवणं, म्हणतात. डेबियन 13 साठी पहिला टप्पा 15 मार्च 2025 ला सुरू झाला. 15 एप्रिल, 15 मे आणि 27 जुलैला बंधनं वाढत गेली आणि 9 ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. नागपूरच्या एका शाळेत त्या जूनमध्ये संगणककक्ष तयार होतोय आणि एका संगणकावर ही येऊ घातलेली आवृत्ती चाचणीसाठी टाकली आहे. 'आचाऱ्यांना' असं टंकलिहिलं, की पडद्यावर 'आचार्यांना' उमटतं! पोषण आहार शिजवणाऱ्यांच्या मानधनाचा कागद भलत्यांच्याच नावे निघेल. युनिकोडमध्ये या जोडाक्षरासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे. फॉन्टमधला एखादा नियम चुकला, तर त्याच्या जागी रफार येऊ शकतो.

शाळेनं दोषाची नोंद पाठवायची. पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक दोष काढतो, पण शेवटच्या टप्प्यात ती दुरुस्ती आपोआप आत जात नाही. प्रकाशनगटाकडे विनंती करावी लागते. तीत चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: बदल का हवा? न केल्यास वापरणाऱ्याचं काय अडेल? तपासणी कशी केली? धोका कोणता? सोबत जुन्या-नव्या मजकुरातला ओळीओळीचा फरक जोडायचा. एकच नियम सुधारला असेल, तर फरक दोन-चार ओळींचा. पण या निमित्तानं अख्खा नवा फॉन्टच पाठवला, तर हजारो ओळी वाचणार कोण? अशी विनंती बहुधा परत येते.

एवढी काटेकोरी कशाला? डिसेंबर 2023 मध्ये डेबियन 12.3 चं प्रकाशन ऐन दिवशी थांबवावं लागलं. तिच्यातल्या लिनक्सच्या गाभ्यात, फाइली साठवणाऱ्या 'एक्स्ट-4' या भागात दोष निघाला होता. त्यामुळे साठवलेली माहिती बिघडू शकत होती. गंमत अशी, की हा दोष एका दुरुस्तीतूनच आला होता! नव्या गाभ्यात ती दुरुस्ती ठीक चालत होती, पण तिला लागणारा दुसरा एक बदल या जुन्या गाभ्यात आलेलाच नव्हता. 10 डिसेंबरला 12.4 काढून हे निस्तरलं गेलं.

म्हणजे दुरुस्तीसुद्धा एक बदलच असतो आणि प्रत्येक बदलाबरोबर नवी चूक आत शिरू शकते. म्हणून 'धोका' या प्रश्नापुढे 'काहीच नाही' असं लिहून भागत नाही. विनंती नाकारली गेली, तरी वाट बंद होत नाही. योग्य दुरुस्ती प्रकाशनानंतरच्या 13.1, 13.2 अशा उपआवृत्त्यांमधून येऊ शकते.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. हस्तलिखिताची पानं पक्की झाल्यावर ज्याला बदल सुचवायचा असेल, त्यानं वरच्या चार प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहावीत. बदल घ्यायचा की पुढच्या अंकासाठी ठेवायचा, हे मुलांनीच ठरवावं.