प्रोसेसर मिळेपर्यंतचा वेळ

कोथरूडला वेताळ टेकडीवर असलेली, पुणेकर जिला ‘एआरएआय’ म्हणून ओळखतात ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देते, आणि या वाहनांत आता ब्रेकपासून पडद्यापर्यंत सर्वत्र संगणक बसलेले असतात. १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून सक्तीची झालेली अँटीलॉक ब्रेकप्रणाली हे त्याचे परिचित उदाहरण होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन १० मिलिसेकंदांत सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकते, त्यामुळे चाक घसरू लागल्याची सूचना आल्यावर तिच्यावरचे काम किती उशिरा सुरू होते याला महत्त्व येते.

एखादे काम चालण्यास तयार झाल्यापासून त्याला प्रत्यक्ष प्रोसेसर मिळेपर्यंत जो वेळ जातो, त्याला शेड्युलिंग लॅटन्सी म्हणतात. प्रोसेसर कोणाला द्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलमधील शेड्युलर ठरवतो. येथे सरासरीला फारसा अर्थ नाही; लाख वेळा तत्पर असलेली प्रणाली एकदाच अडखळली, तरी ब्रेकच्या कामी ती नापासच. म्हणूनच ब्रेकचे नियंत्रण सहसा छोट्या, खास रिअल-टाइम प्रणालीकडे असते आणि लिनक्ससारखे अवाढव्य कर्नल पडद्याकडे.

लिनक्सलाही असा भरवसा देता यावा यासाठी चाललेले प्रयत्न पाहता, शेड्युलरच्या नियमांवर वाद पुष्कळ झाले असले तरी मोठा विलंब बहुधा त्या नियमांत नव्हताच. ऑक्टोबर २०२३च्या ६.६ आवृत्तीत आलेली, स्टोइका आणि अब्देल-वहाब यांनी १९९५ साली मांडलेली ईईव्हीडीएफ पद्धत अल्प मुदतीच्या कामांना लवकर संधी देते, हे खरे. परंतु कर्नल स्वतःच हातातले काम सोडायला तयार नसेल, तर शेड्युलरला निवड करण्याची संधीच मिळत नाही. २.६ आवृत्तीपूर्वी कर्नलमध्ये शिरलेले काम आपणहून थांबेपर्यंत दुसऱ्याला वाट नसे. पुढे कर्नलमधील काम मध्येच थांबवण्याची, म्हणजे प्रीएम्प्शनची, सोय झाली, तरी स्पिनलॉक या कुलपाने राखलेले भाग तसेच राहिले. कर्नल विकसित करणाऱ्या इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी बहुतेक स्पिनलॉकच्या जागी प्रतीक्षेत प्रोसेसर सोडू देणारी कुलपे आणली, इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या सूचनांची, हाताळणी स्वतंत्र थ्रेडकडे सोपवली, आणि कुलूप अडवून बसलेल्या कनिष्ठ कामाला वाट पाहणाऱ्या वरिष्ठ कामाचा अग्रक्रम तात्पुरता बहाल केला. ही शेवटची युक्ती बंद ठेवलेली असल्यामुळेच १९९७ साली मंगळावर पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता.

सुमारे वीस वर्षे वेगळे वाढलेले मोल्नार, ग्लाइक्सनर आदींचे हे काम ६.१२ आवृत्तीत, २०२४ साली, मुख्य कर्नलमध्ये आले. त्याआधी उरलेला मोठा अडसर किरकोळ भासणारा, कर्नलच्या स्वतःच्या संदेशछपाईचा होता: १,१५,२०० बॉडच्या सिरियल पोर्टवरून ऐंशी अक्षरांची एक ओळ जायला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात.

या तत्परतेची किंमत एकूण कामाच्या उरकात मोजावी लागते, त्यामुळे सर्व्हर चालवणारे तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. ज्यांना ती हवी, ते लॅटन्सी मोजणारे सायक्लिकटेस्टसारखे साधन पूर्ण भाराखाली तासन्‌तास चालवून केवळ कमाल आकडा पाहतात. तोही कधी कधी अनपेक्षितपणे उसळतो, कारण मदरबोर्डचे फर्मवेअर कर्नलच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेते आणि त्याला आवरणे कोणत्याही शेड्युलरच्या हाती नसते.